सात जानेवारीचा नाताळ

गिमली,
रविवार दुपार

प्रिय ओरेस्ट,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, लेक सोल्वेग खुशाल आहे आणि मीही धडधाकट आहे. फोन करायचं सोडून ही बाई कागद का खरडत बसली, असं तू तुझ्या रूथला विचारशील. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस, म्हणून. मीही खुशीत फोन ठेवते, आणि मग भांडी घासताना माझ्या लक्षात येतं की या माणसाने आपल्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. कागदावर तुला हसता येणार नाही, एवढंच माझं गणित आहे.

इकडे तळं अजून गच्च गोठलेलं आहे. शेजारचा मॅग्नस बर्फावर झोपडी ठोकून दिवसभर मासे धरत बसतो आणि संध्याकाळी माझ्या पायरीवर दोन पिकरेल टाकून जातो. वर म्हणतो, "घ्या कॅप्टनबाई, तुमच्या ढगांत मासे मिळत नाहीत ना!" मी ते लोण्यात परतते आणि एकटीच खाते. सोल्वेगची परीक्षा आहे, ती आता हॅलिफॅक्सहून उन्हाळ्यातच येईल. मागच्या आठवड्यात तिने तुझी चौकशी केली. ओरेस्टकाका परत कधी उडणार, असं विचारलं. तेव्हापासून हे पत्र माझ्या डोक्यात घोळतं आहे.

कराराचं तुझ्या कानावर आलंच आहे. तीन वर्षं आपली माणसं कंपनीशी घासाघीस करत होती, आता कुठे मसुदा हातात पडला. तो वाईट नाही, ओरेस्ट. खरं सांगायचं तर मी आजवर पाहिलेल्या करारांत हा सगळ्यांत चांगला आहे. पगार वाढतात, तेही सगळ्यांचे. दोन ड्यूट्यांच्या मध्ये माणसासारखी झोप मिळेल. ऐनवेळी बोलावणं येईल म्हणून विमानतळाजवळच्या भाड्याच्या खोल्यांत कुजत पडलेल्या पोरांना आता आपापल्या घरी थांबता येईल. मतदान पुढच्या रविवारी बंद होतं. त्याआधी गुरुवारी विनिपेगला शेवटची सभा आहे, आणि विनिपेगच्या वैमानिकांची प्रतिनिधी म्हणून मला उभं राहून सांगायचं आहे, हो म्हणा की नाही म्हणा. मला प्रतिनिधी तूच केलंस, हे विसरू नकोस. "लोर्नाला भांडायची हौस आहे, तिला युनियनमध्ये घाला, म्हणजे विमानात तरी शांतता नांदेल," असं तू भर पंक्तीत म्हणाला होतास.

तर त्या चांगल्या मसुद्यात, अगदी शेवटी शेवटी, एक कलम आहे. आज कुणाचं आजारपणामुळे उडायचं मेडिकल सर्टिफिकेट गेलं तर तो कितीही वर्षं घरी बसला तरी सिनिऑरिटीच्या यादीतला त्याचा नंबर राखून ठेवतात. बरा झाला की तो आपल्या जागी परत येतो. नव्या करारात त्याला चार वर्षांची मुदत घातली आहे. चार वर्षांत डॉक्टरांनी परवानगी दिली नाही तर नाव यादीतून काढून टाकणार. नंतर यायचं असेल तर खुशाल यावं, पण यादीच्या तळाशी, काल भरती झालेल्या पोरांच्याही मागे. तुला डॉक्टरांनी पाच वर्षं थांबायला सांगितलं आहे. तुझं चौथं वर्ष येत्या ऑक्टोबरात संपतं. आणि घरी बसलेल्यांना मतही नाही.

पहिली सभा मंगळवारी झाली. वाटाघाटी करून आलेला गॉर्ड पेनर समोर उभा होता. गॉर्ड मनाचा वाईट नाही, तुला ठाऊक आहे. या तीन वर्षांत बिचाऱ्याचे केस पांढरे झाले. मी विचारलं, हे कलम आलं कुठून? तर म्हणाला, "लोर्ना, शेवटच्या बैठकीला ते अडून बसले. तुम्हीही काहीतरी सोडा म्हणाले. मी काय सोडायचं होतं सांग, झोप सोडू? पगार सोडू? या कलमाची झळ अख्ख्या कंपनीत मिळून अकरा जणांना बसते." अकरा म्हटल्यावर सभेत काय झालं असेल सांग?  सगळ्यांनी खाली माना घातल्या आणि फोन काढले. अकरा नावं गेली तर आपण यादीत किती वर सरकतो, ते बघायला. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाला हे सुचणार नाही, आपल्याला न शिकवता सुचतं. माझाही हात पर्समध्ये गेला, ओरेस्ट. मग मी तो बाहेर काढला. मला फोन बघायची गरजच नव्हती, माझ्या पुढे कोणाचं नाव आहे ते मला झोपेतही सांगता येतं.

आपण रुजू झालो तो दिवस आठवतो? एकाच दिवशी आलेल्यांत जो वयाने मोठा त्याचा नंबर आधी, असा नियम निघाला आणि तू माझ्यापेक्षा आठवडाभराने मोठा निघालास. मी केवढी फणफणले होते! आठवडाभर आधी जन्मून काय मोठे दिवे लावलेस, असं मी तुला सगळ्यांदेखत विचारलं. तू म्हणालास, "तू येणार कळलं होतं, जागा झाडून ठेवत होतो." त्या एका आठवड्यापायी पुढे जन्मभर प्रत्येक गोष्ट आधी तुझी झाली. कॅप्टन आधी तू झालास, मोठं विमान आधी तुला मिळालं, महिन्याच्या ड्यूट्या आणि सुट्ट्या आधी तू निवडायच्या आणि उरल्यासुरल्यातलं मी उचलायचं. बाहेरच्या माणसाला हे कितीही समजावलं तरी कळत नाही. सोल्वेगच्या बापाला तर शेवटपर्यंत कळलं नाही; त्याला वाटायचं, ही बाई मुद्दाम सणासुदीला घराबाहेर पडते.

तो निघून गेला तेव्हा सोल्वेग तीन वर्षांची होती. त्या डिसेंबरात यादी खाली उतरत उतरत आपल्यापर्यंत आली तेव्हा नाताळची एकच सुट्टी उरली होती, आणि पाळी तुझी होती. तू ती घेतली नाहीस. मी विचारलं तर खांदे उडवलेस. "आम्ही युक्रेनी माणसं, बाई. आमचा नाताळ सात जानेवारीला. पंचवीस डिसेंबरला घरी बसून काय करू, रूथच्या माहेरची भजनं ऐकू?" मी हसले आणि सुट्टी घेतली. पुढच्या वर्षीही तेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. विनिपेगची विमानं कमी होत गेली, आपण दोघं यादीत होतो तिथेच राहिलो, आणि दर डिसेंबरला ती एकच सुट्टी तुझ्यावरून माझ्याकडे यायची. सोल्वेगचा एकही नाताळ आईवाचून गेला नाही. फुकटचे उपकार नकोत म्हणून मी दर वर्षी सात जानेवारीला तुमच्याकडे आमचा आलुबुखाऱ्याचा थरांचा केक पाठवायचे, आणि तू फोन करून सांगायचास की आमच्या नाताळच्या ताटात सगळ्यांत आधी तोच संपतो.

मग तो ऑक्टोबर आला. कर्लिंगच्या मोसमातला रिंकवरचा पहिलाच खेळ होता, आणि आपण दोघं नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. तू बर्फावर वाकून दगड सरकवायला घेतलास आणि तसाच कुशीवर पडलास. मला वाटलं घसरलास, मी हसलेसुद्धा. मग तुझे हातपाय झटके देऊ लागले. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि तुझं नाव घेत राहिले. मला इतकी भीती विमानात कधी वाटली नाही, परमेश्वराशपथ. तू शुद्धीवर आलास, मी तुला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणि वाटेत तू माझ्याकडून शब्द घेतलास की हे कोणाला सांगायचं नाही. मी बाकीच्या मंडळींना सांगितलं, ओरेस्टची पाठ धरली. आजही सगळ्यांना तेच वाटतं. पाठीला कंटाळून तू स्वतःच सोडलंस, यादीतलं नाव नुसतं कागदावर ठेवलंस आणि भावाच्या धान्याच्या कोठारावर डॉफिनला जाऊन बसलास, असंच सगळे धरून चालतात.

पण तुला तेही लपवता आलं असतं. बघायला मी एकटी होते आणि मी तर शब्द दिलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्वतः फोन उचललास आणि आपल्या मेडिकलच्या डॉक्टरांना सगळं सांगून टाकलंस. मी तुझ्या स्वयंपाकघरात उभी होते. रूथने कॉफी ओतता ओतता किटली तशीच धरून ठेवली होती. फोन ठेवून तू म्हणालास, "मागे शंभर माणसं बसतात गं." मग तू उठून अंगणातला बर्फ लोटायला गेलास, आणि अंगणात अजून धड बर्फ पडलेलाही नव्हता.

त्या डिसेंबरात मी आणि सोल्वेग तुमच्याकडे जेवायला आलो होतो. पंचवीस तारीख होती. तू टर्की कापायला उठलास आणि तुझा धाकटा तारास म्हणाला, "बाबा, जोनासदादाला द्या ती सुरी. आमच्या घरात टर्की दादा कापतो. तुम्ही पाहुणे." सगळे हसले, तूही हसलास. मी मात्र रूथच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, बरं झालं, तुमचा खरा नाताळ अजून पुढे आहे, तेव्हा कापेल तो. रूथ माझ्याकडे वळली. म्हणाली, "जानेवारीतला? अगं, ओरेस्टची आई गेली तेव्हाच तो बंद झाला. मुलं तेव्हा रांगत होती. आमचा नाताळ हाच." मग तिने हात पुसले आणि म्हणाली, "दर जानेवारीला तुझा केक आला की पोरं विचारायची, हा कशाचा? ओरेस्ट म्हणायचा, गुपचूप खा." मी बाहेर आले. तू सोल्वेगला बटाटे वाढत होतास. तुला काही बोलावं असं मला फार वाटलं, पण बोलले असते तर तिथेच रडले असते, म्हणून मी बटाटे मागून घेतले.

आता मागच्या पंधरवड्यातला तुझा फोन. मसुदा बाहेर आला त्याच दिवशी तू आपणहून फोन केलास, इथेच मला शंका यायला हवी होती. "लोर्ना, हो म्हणायला सांग आणि मोकळी हो. मला आता उडायचंच नाही. इथे बरं चाललंय. गहू कसा गुणी असतो, त्याला वादळात खाली उतरवावं लागत नाही." मी हसले. मला हायसंही वाटलं, खोटं कशाला बोलू? एक माणूस सुखाने बाजूला झाला, उरलेल्यांना चांगला करार मिळाला, आणि मला कोणाशी भांडायला नको. भांडी घासायला घेतली आणि हात थांबला. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. आमचा नाताळ सात जानेवारीला, म्हणणारा तो हाच आवाज. मग मी रूथला फोन केला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला पिळून काढलं. भाचीच्या लग्नात तू थेंबाला शिवला नाहीस म्हणाली. रोज नऊ वाजता झोपतोस, झटक्यांच्या गोळ्या बंद झाल्यापासून एकदाही जागरण केलं नाहीस म्हणाली. आणि दुपारी आपलं पश्चिमेकडे जाणारं विमान वरून जातं तेव्हा तू कोठाराबाहेर येऊन उभा राहतोस, आणि आत आल्यावर भावाला सांगतोस, आज उशीर झाला, समोरून वारा असणार.

मी नाही म्हणायला सांगणार, याची कुणकुण लागलीच लोकांना. सभा संपल्यावर गाड्यांच्या जागेत मॅडी फ्लेटने मला गाठलं. थंडी अशी की बोलताना दात दुखत होते. ती इंजिन गोठू नये म्हणून लावलेली आपल्या गाडीची हीटरची वायर खांबावरून काढत होती आणि वायर गुंडाळता गुंडाळताच बोलली. "कॅप्टन, रागावू नका, पण तुमचं बरं आहे. तुमचं घर झालं, मुलगी मोठी झाली. माझी जुळी मला फोनच्या काचेतून ओळखतात. परवा घरी गेले तर धाकटा मला बघून रडायला लागला, आणि फोन समोर धरला तर हसला! हा करार झाला तर मी घरी थांबू शकते. आणि तुम्ही म्हणता, नाही म्हणा, परत एक-दोन वर्षं थांबा. कोणासाठी? कोण आहेत हे अकरा जण? मी ओळखते का त्यांना? एकाचं तरी नाव सांगा. ज्याला नावसुद्धा नाही त्याच्यासाठी मी माझ्या पोरांचं का घालवू?"

ओळखते का म्हणे! कंपनीत आल्यावर तिचं पहिलं उड्डाण तुझ्याबरोबर झालं. थॉम्प्सनला आडव्या वाऱ्यात उतरायचं होतं आणि तू तिच्या हातात विमान देऊन शेवटपर्यंत गप्प बसलास, हे ती नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगते. म्हणते, त्या दिवशी ओरेस्ट बोयचुकने मला वैमानिक केलं. तुझं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि तिला म्हटलं, सावकाश जा, रस्त्यावर बर्फ आहे. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. तिच्या जागी मी असते, सोल्वेग तीन वर्षांची असती, तर मीही हेच विचारलं असतं.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. गुरुवारी मी नाही म्हणा असंच सांगणार आहे. ते माझं ठरलं आहे आणि त्यात तुझा सल्ला मी मागत नाही. पण अकरा या आकड्यासाठी मॅडी मत बदलणार नाही, आणि बाकीचेही नाही. मला तुझं नाव घ्यायचं आहे, ओरेस्ट. बर्फावर काय झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू काय केलंस, ते सगळं मला त्यांना सांगायचं आहे. ज्याने खरं सांगितलं त्याचंच नाव आपण खोडलं, तर पुढच्या वेळी बर्फावर पडणारा तो फोन उचलेल का, एवढं मला त्यांना विचारायचं आहे. त्यानंतर सगळ्यांना तुझा आजार कळेल. तू परत आलास तरी शेजारच्या खुर्चीवरचा प्रत्येक पोरगा तुझ्या हाताकडे बघेल, हे मला कळतं. आणि इतकं करूनही आपण हरू, हेही होऊ शकतं. म्हणून मी तुला दिलेला शब्द तुझ्याशिवाय मोडणार नाही. मॅग्नस उद्या ट्रॅक्टरचं सामान आणायला डॉफिनला येतो आहे, हे पत्र त्याच्याच हाती देते. त्याला पेरोगी खायला घाल आणि उत्तर त्याच्याकडेच दे. नको असेल तर नको असं लिही, मी तुझं नाव घेणार नाही आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. फक्त सात जानेवारीचं उत्तर पाठवू नकोस. माझी मुलगी मोठी झाली, मला आता कुठलीच सुट्टी नको आहे. तुला परत यायचं असेल तर तेवढं एकदा आपल्या हाताने लिही. यादीत तू माझ्या पुढे आहेस. आधी तू निवडायचंस, मग मी. मी थांबले आहे.

तुझीच, यादीत तुझ्या मागची,
लोर्ना